पार्लरचा 'केओएफ 97' घरी खेळताना: आधी डावा अंगठा बसवा

'द किंग ऑफ फायटर्स 97' हा मारामारीचा व्हिडिओ गेम. त्यात पार्लरमध्ये कोणालाही हार न जाणारा खेळाडू घरी कन्सोलवर बसला की पहिले काही दिवस धडाधड हरतो. मग जो तो सल्ला देतो: महागडी आर्केड स्टिक (पार्लरसारखं हँडल असलेला कंट्रोलर) घे, टीम बदल, कॉम्बो (एकामागोमाग लागणाऱ्या फटक्यांची साखळी) पाठ कर. कृपा करून यातलं काहीही लगेच करू नका. तीन-तीनची टीम तीच, चार बटणं तीच, चालीही त्याच. फक्त हँडल मनगटाने फिरायचं, ते आता एका अंगठ्याने फिरवायचंय. सगळं अडतं ते इथेच.

आवृत्ती. हा खेळ बनवणाऱ्या एसएनके कंपनीचं पार्लरमधलं निओ जिओ मशीन आणि घरचं निओ जिओ कन्सोल आतून एकच होतं, त्यामुळे घरच्या कार्ट्रिजवर खेळ जसाच्या तसा यायचा. 1998 मध्ये तो प्लेस्टेशनवर आला तेव्हा 2 एमबी मेमरीत एवढं अ‍ॅनिमेशन मावेना. हालचाली कापल्या गेल्या आणि लोडिंग वाढलं. सेगा सॅटर्नवर त्यासाठी वेगळी रॅम कार्ट्रिज लावावी लागायची. जुन्या डिस्क शोधत बसू नका. एकट्याने किंवा घरात मित्राबरोबर खेळायचं असेल तर हॅम्स्टर कंपनीची 'एसीए निओ जिओ' आवृत्ती घ्या, ऑनलाइन खेळायचं असेल तर याच खेळाची 2018 ची 'ग्लोबल मॅच' आवृत्ती.

टीव्ही. गेम मोड चालू करा. खेळ सेकंदाला साठ चित्रांनी चालतो आणि टीव्ही चित्र सुंदर करत बसला की तुमचा ब्लॉक उशिरा लागतो.

बटणं. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोन ए, फुली बी, त्रिकोण सी, गोल डी अशी मांडणी ठेवा (ए आणि सी पंच, बी आणि डी किक). ए-बी शेजारी, सी-डी शेजारी, म्हणजे अंगठा आडवा टाकला की दोन्ही एकदम दाबली जातात. एक धोका मात्र आहे. अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये (सुरुवातीला निवडायच्या दोन पद्धतींपैकी, फटके मारून पॉवर साठवायची ती) ए-बीने लोळण घेताना अंगठा जरा वर सरकला की त्रिकोणही दाबला जातो आणि ए-बी-सी झाल्यामुळे साठवलेली एक पॉवर मॅक्समध्ये (थोडा वेळ ताकद वाढवणाऱ्या अवस्थेत) जळून जाते. म्हणून ए-बी एकत्र खांद्यावरच्या एका बटणाला द्या.

आता साठवलेली पॉवर खर्चून मारायची मोठी चाल. इथे मी स्वतः कित्येक आठवडे घालवलेत. इओरी या पात्राची 'याओतोमे' घ्या: खाली, तिरकं खाली-पुढे, पुढे, आणि तिथूनच पुन्हा तिरकं, खाली, तिरकं खाली-मागे, मागे, मग पंच. पार्लरच्या हँडलवर मी ही डोळे मिटून मारायचो. घरी दहातल्या आठ वेळा इओरी ती सोडून 'आओइहाना' या त्याच्या साध्या चालीच्या तीन फटक्यांतला पहिला फटका मारायचा आणि समोरचा मला उचलून आपटायचा. मला वाटायचं, कंट्रोलरच खराब आहे. दुसरा आणला, तरी तेच.

कारण नीट समजून घ्या. हँडल पुढे नेलं की ते चौकटीवर आदळतं, हाताला ठक् असं कळतं. डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या चार दिशांच्या बटणावर) तसं काही कळत नाही. अंगठा तिरक्यापर्यंत जातो आणि घाईत 'पुढे'ला न टेकताच परत फिरतो. म्हणजे खेळाच्या दृष्टीने चालीचा पहिला अर्धा भाग झालेलाच नसतो. शेवटचं खाली, तिरकं, मागे आणि पंच तेवढं त्याच्या हाती लागतं, आणि तीच आओइहानाची चाल आहे. चाल 'जवळजवळ बरोबर' येत असते, म्हणून चूक सापडत नाही.

ती सापडते इओरीच्या गुडघ्यांत. दुसरा कंट्रोलर जोडा, समोरचा खेळाडू नुसता उभा ठेवा आणि बटण न दाबता फक्त पहिला अर्धा भाग करून थांबा. तिरक्यावर असेपर्यंत इओरी बसलेला असतो. 'पुढे' खरोखर लागलं की तो उठतो आणि पाऊल टाकतो. तो उठला नाही तर तुमचा अंगठा तिरक्यावरच अडकलाय. सलग वीस वेळा तो उठेपर्यंत परतीची चाल जोडूच नका. जोडाल तेव्हा अंगठा उचलू नका, पेरावर लोळवा. पंचही घाईत नको. अंगठा 'मागे'ला पोचल्यावरच दाबा.

आणखी एक इशारा, कारण माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली: पडद्यावर खाली दिसणारी पॉवर साठलेली नसेल तर चाल अचूक असूनही याओतोमे येणार नाही, आओइहानाच येईल. आधी उभ्या खेळाडूला चार फटके मारून पॉवर भरा, मग सराव करा.

अ‍ॅनालॉग स्टिकवर (कंट्रोलरवरच्या सगळीकडे फिरणाऱ्या छोट्या दांडीवर) हे शिका असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तिथे पुढे आणि तिरकं यांतली सीमा बोटाला जाणवतच नाही. डी-पॅडच वापरा. एक बाजू जमली की उजव्या बाजूला उभे राहून सगळं पुन्हा पहिल्यापासून करा, कारण तिथे अंगठा आधी आत ओढावा लागतो आणि मग बाहेर ढकलावा लागतो. ती सवय वेगळी आहे, एका बाजूची दुसरीला कामी येत नाही. मला उजवी बाजू बसायला डावीपेक्षा जास्त दिवस लागले.

टीमचा क्रम. अंगठा बसेपर्यंत पहिल्या जागी राल्फ हे पात्र ठेवा. पंचचं बटण भराभर दाबलं की त्याचा व्हल्कन पंच सुरू होतो, डी-पॅडची गरजच नाही. इओरीला तिसरा ठेवा आणि मॅचमध्ये पहिली याओतोमे समोरचा उडी मारून चुकला आणि तुमच्या पुढ्यात उतरला की मारा. तेवढ्या वेळात अंगठा 'पुढे'ला टेकवायला सवड मिळते.