डीटीपीच्या संगणकावर विंडोज ११ चढवण्यापूर्वी आणि नंतर

विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या छापखान्यांत एकाच संगणकावर मराठी लग्नपत्रिका आणि कन्नड हँडबिले दोन्ही लावली जातात, तिथे विंडोज ११ चढवताना विंडोजपेक्षा फाँट, डाँगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावे लागणारे परवान्याचे छोटे उपकरण) आणि प्रिंटर यांचीच काळजी अधिक घ्यावी लागते. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची घाई सुरू होते. त्या दिवसांत या कामाला हात घालू नये.

प्रथम यंत्र पात्र आहे का ते पाहावे. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (संगणक सुरू करणारी, जुन्या बायोसची जागा घेणारी प्रणाली), सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या किमान अटी आहेत. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे सगळे तपासून सांगते. टीपीएम नाही असे उत्तर आले, तरी अनेक यंत्रांत ते बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) केवळ बंद ठेवलेले असते, म्हणून नवा मदरबोर्ड घेण्याआधी तिथे डोकवावे. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी तो तात्पुरता थांबवावा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. त्यामुळे सध्याचे विंडोज ३२ बिटचे असल्यास आहे त्यावरच अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने बसवावे लागते. जुने ३२ बिटचे सॉफ्टवेअर बहुधा चालते, पण ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारे सॉफ्टवेअर) ६४ बिटचाच हवा, आणि नेमके इथेच जुने प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी सॉफ्टवेअरचे डाँगल अडतात. प्रत्येकाचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. तो मिळालाच नाही, तर जुने यंत्र त्या एका कामापुरते, इंटरनेटपासून तोडून, तसेच ठेवणे अधिक शहाणपणाचे.

फाँटचे प्रकरण जास्त नाजूक आहे. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताच्या आधीच्या मराठी आणि कन्नड फाँटमध्ये आपली अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने, फाँट हरवला की वर्षानुवर्षांच्या फायलींत निरर्थक रोमन अक्षरे आणि खुणाच दिसतात. म्हणून सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फाँट्स फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. शिवाय विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत साध्या क्लिकने बसवलेले फाँट वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जातात आणि ते फोल्डर सहसा लपलेले असते, तेव्हा तेही विसरू नये. त्याच डिस्कवर सगळ्या कामाची प्रत ठेवावी आणि एक मराठी व एक कन्नड पान जुन्या यंत्रावरूनच छापून घ्यावे. मराठी पानात ‘तऱ्हा’, ‘ज्ञ’, ‘श्री’ असावेत, कन्नड पानात ओळीखाली येणारी जोडाक्षरे असावीत.

प्रत्यक्ष अपग्रेड त्यामानाने सोपे आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून उतरवलेली आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याची पूर्ण डिस्कच एका फाइलीत) उघडून सेटअप चालवावा आणि फायली व ॲप कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. डाँगल आणि जादा डिस्क काढून ठेवाव्यात. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होईल. त्या काळात वीज जाऊन चालणार नाही, आणि साध्या यूपीएसची बॅटरी इतका वेळ पुरत नाही, म्हणून यंत्र इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावे.

नंतर डाँगल लावून तीच दोन पाने छापावीत आणि जुन्या छपाईशी ओळीनिशी ताडून पाहावीत. शब्द पुढच्या ओळीत सरकला असेल, तर बहुधा त्याच नावाची फाँटची वेगळी आवृत्ती बसली आहे. ती काढून प्रतीतला मूळ फाँट बसवावा. एवढ्यानेही काम बसले नाही, तर सेटिंग्जमधील रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परतता येते, मात्र ही मुभा एरवी १० दिवसांचीच असते. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नये, कारण परतीसाठी लागणारे विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर त्यात पुसले जाऊ शकते.