वरुडच्या उन्हात इटलीची नैसर्गिक वाइन

आमच्या वरुडकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. नैसर्गिक वाइनला हे ऊन सोसत नाही. ती द्राक्षासोबत आलेल्या रानटी यीस्टवर आंबते, बहुतेकदा गाळत नाहीत, सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते) अगदी कमी किंवा नाहीच. म्हणून बाटली माळ्यावर नको, फ्रिजमध्येच ठेवा. आदल्या दिवशी उभी करा, गाळ खाली बसतो.

सुरुवात सिसिलीच्या फ्रापातोनं करा: हलकी लाल, टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) कमी, थंड छान लागते. सावजी रश्श्यासोबत एमिलियाची फसफसती, कोरडी लाम्ब्रुस्को मला सगळ्यात आवडते. पिएमाँतची नेब्बिओलो मात्र तिखटासोबत नकोच भाऊ, तिच्या टॅनिननं जाळ वाढतो.

पाटवडीला फ्रिउलीची रिबोल्ला जाल्ला घ्या. तिथल्याच ओस्लाव्हियाचे वाइन बनवणारे योश्को ग्राव्नर ही पांढरी द्राक्षं सालीसकट, जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने ठेवतात. रंग मधासारखा येतो, तुरटपणाही. ही फार गार केली तर वास दबतो; १४ अंशांच्या आसपास बरी.

उघडताच कोंदट वास आला तर फेकू नका, जगमध्ये ओतून थोडं थांबा. बरेचदा उडून जातो. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा. आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांकडे बाटली नेऊ नका.