डीबीत (घरातल्या स्विचच्या वितरण पेटीत) न्यूट्रल जोडताना: एका स्क्रूखाली एकच वायर

सोलापुरात घराला लागूनच यंत्रमाग असला की थ्री फेज कनेक्शन आलंच, आणि तिथे मेन न्यूट्रल ढिला राहणं सगळ्यात धोक्याचं. तो सुटला की लोड कमी असलेल्या फेजवर 230 ऐवजी 300, अगदी 400 व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. टीव्ही, फ्रिज जळतात आणि एमसीबी (आपोआप पडणारा छोटा ब्रेकर) पडत नाही, कारण ती जादा करंटवर पडते, जादा व्होल्टेजवर नाही.

मेन बंद करा, मल्टीमीटरने खात्री करा. मेनच्या वरच्या टोकांना तरीही सप्लाय असतोच, हे विसरू नका. काळ्या, म्हणजे न्यूट्रल वायरीचं इन्सुलेशन साधारण 10-12 मिमी सोला, तारांना पिन लग (टोकाला दाबून बसवायची धातूची पिन) दाबा, मगच न्यूट्रल लिंकमध्ये (सगळे न्यूट्रल जोडायच्या धातूच्या पट्टीत) घट्ट कसा. दोन वायरी एका भोकात कोंबल्या की एक हमखास सैल राहते, तापते, लिंक काळी पडते.

आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा ब्रेकर) दोन असतील तर न्यूट्रल लिंकही दोन हव्यात. एकीच्या फेजचा न्यूट्रल दुसरीच्या लिंकवर गेला, की पंखा लावताच ट्रिप! लोक आरसीसीबी बदलत बसतात, दोष मात्र जोडणीत असतो. न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग वायर डीबीत कधीही एकत्र जोडू नका.