जनरल ग्रेडच्या परीक्षेसाठी मोर्स कसे शिकावे

भारतात हौशी रेडिओचा परवाना घेण्याआधी अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेटची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. वयाची 12 वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही या परीक्षेला बसता येते. तिच्या दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंबे आणि रेघा यांच्या नादांतून अक्षरे पाठवण्याची लिपी, लागत नाही आणि ती मिळवणाऱ्याचे संकेतनाम व्हीयू-3 ने सुरू होते. जनरल ग्रेडला मात्र मिनिटाला 8 शब्द या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावे लागते, आणि त्या श्रेणीचे संकेतनाम व्हीयू-2 ने सुरू होते. 2003 साली जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढून टाकली आणि अनेक देशांनी ती परीक्षा बंद केली, म्हणून आपल्याकडेही ती कशाला हवी, असा प्रश्न बरेच जण विचारतात. माझे मत स्पष्ट आहे. सक्ती असो वा नसो, मोर्स शिकावेच, कारण मोजक्या वॅटच्या, घरी जोडलेल्या ट्रान्समीटरवरूनही दूरच्या देशाशी बोलण्याची ताकद त्यात आहे, आणि आवाजी संदेश ज्या खरखरीत बुडून जातो तिथेही मोर्सचा एकसुरी नाद कानाला सापडतो.

परीक्षेत नेमके काय मागतात, ते आधी समजून घ्यावे. साध्या इंग्रजी मजकुराचा 200 अक्षरांचा उतारा 5 मिनिटे ऐकून लिहायचा असतो आणि तेवढाच उतारा ‘की’, म्हणजे दाबून टिंबे-रेघा पाठवायची कळ, वापरून पाठवायचा असतो. अंक किंवा विरामचिन्ह आले की ते दोन अक्षरांएवढे धरले जाते. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या तर उमेदवार नापास होतो. म्हणजे मिनिटाला 40 अक्षरे, एका अक्षराला सरासरी दीड सेकंद. हा वेग ऐकायला वाटतो तेवढा मोठा नाही. अर्ज भरताना दूरसंचार विभागाच्या सरल संचार संकेतस्थळावरील त्या वेळचे नियम मात्र एकदा नीट वाचून घ्यावेत.

आता मुख्य मुद्दा. मोर्सचा तक्ता भिंतीवर लावून टिंबे आणि रेघा पाठ करू नयेत. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अनेकांचे शिकणे इथेच अडते. तक्ता पाठ करणारा माणूस आवाज ऐकतो, टिंबे मोजतो, मनातल्या तक्त्यात शोधतो आणि मग अक्षर लिहितो. इतक्या पायऱ्या चढेपर्यंत पुढची दोन अक्षरे निघून गेलेली असतात. आपल्याकडे कीर्तन-भजनाला साथ करणारा मुलगा तबला शिकतो तो बोल ऐकून आणि तोंडाने म्हणून. ‘तिरकिट’ ऐकताना तो त्यातले आघात मोजत बसत नाही, तो बोल त्याला अख्खा ऐकू येतो. मोर्सचे अक्षरही असेच अख्खे ऐकायचे असते. सी हे अक्षर ‘रेघ-टिंब-रेघ-टिंब’ असे लक्षात ठेवायचे नाही, तर ‘डा-डि-डा-डिट’ हा एकच नाद म्हणून ओळखायचे. क्यू म्हणजे ‘डा-डा-डि-डा’. हे मोठ्याने म्हणून पाहावे, फरक लगेच कळतो.

यासाठी जगभर वापरली जाणारी रीत जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पहिल्या दिवसापासून अक्षरे पूर्ण वेगाने, म्हणजे मिनिटाला 18 ते 20 शब्दांच्या वेगाने ऐकवतात, पण सुरुवात फक्त दोन अक्षरांनी करतात. बहुतेक ॲपमध्ये ती के आणि एम ही असतात. दहापैकी नऊ अक्षरे बरोबर येऊ लागली की तिसरे अक्षर घ्यायचे, मग चौथे. अक्षरे, अंक आणि परीक्षेला लागणारी विरामचिन्हे मिळून सुमारे 40 चिन्हे होतात. तिच्या जोडीला फार्न्सवर्थ यांच्या नावाची दुसरी युक्ती वापरावी. तीत अक्षराचा स्वतःचा वेग कमी करत नाहीत, फक्त दोन अक्षरांमधील अंतर वाढवतात.

या दोन्हींचा हिशेब एकदा समजला की भीती जाते. मोर्समध्ये रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असते, अक्षराच्या आत दोन खुणांमध्ये एका टिंबाची, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांची आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांची शांतता असते. वेग मोजताना ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात, कारण त्याची एकूण लांबी बरोबर 50 टिंबे भरते. मिनिटाला 18 शब्दांच्या वेगात एक टिंब सुमारे 67 मिलिसेकंदांचे होते आणि सरासरी अक्षर अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. परीक्षेत प्रत्येक अक्षरामागे दीड सेकंद मिळतो, म्हणजे अक्षर ऐकून झाल्यावर ते कागदावर उतरवायला जवळजवळ एक सेकंद उरतो. परीक्षेत अक्षरे खुद्द 8 शब्दांच्या वेगानेही येऊ शकतात आणि तेव्हा टिंब 150 मिलिसेकंदांचे, चांगलेच लांबलेले ऐकू येते. म्हणून अखेरच्या पंधरवड्यात 10 ते 12 शब्दांच्या संथ अक्षरांचाही सराव ठेवावा. त्याआधी मात्र ठेवू नये.

रोज वीस मिनिटे पुरेत, पण रोज. रविवारी बसून तीन तास ऐकल्याने कान फक्त थकतो. एलसीडब्ल्यूओ या विनामूल्य संकेतस्थळावर कोख पद्धतीचे सगळे धडे क्रमाने आहेत. लिहिताना एक शिस्त पहिल्यापासून पाळावी. अक्षर सुटले तर आडवी रेघ मारून पुढे जावे, मागे वळून विचार करू नये. सुटलेले एक अक्षर ही एकच चूक असते, पण त्याच्या मागे धावणारा पुढची तीन गमावतो. दुसरा सापळा अंदाजाचा. टी-एच ऐकले की हात आपसूक ई लिहून मोकळा होतो आणि शब्द निघतो ‘दॅट’. म्हणून अर्थ नसलेल्या पाच-पाच अक्षरांच्या गटांवर भरपूर सराव करून मगच इंग्रजी मजकुराकडे वळावे. एस, एच आणि 5 ही तीन चिन्हे अनुक्रमे तीन, चार आणि पाच टिंबांची असल्याने सगळ्यांनाच छळतात. बी आणि 6 यांचेही तसेच. अशा जोड्या वेगळ्या काढून फक्त त्यांचाच सराव करावा.

घेणे निम्मे जमल्यावर पाठवायला सुरुवात करावी, त्याआधी नाही, कारण कानाला शुद्ध अक्षर कळलेले नसेल तर हात अशुद्धच शिकतो. परवाना हाती येईपर्यंत ट्रान्समीटरपासून दूर राहून साध्या सराव-ऑसिलेटरला, म्हणजे नुसता नाद काढणाऱ्या यंत्राला, की जोडावी. स्वर 600 ते 700 हर्ट्‌झचा ठेवला तर कानाला त्रास होत नाही. शिकताना साधी, वर-खाली दाबायची स्ट्रेट की घ्यावी आणि ती टेबलावर घट्ट बसवावी, कारण सरकणारी की हाताला वाईट सवयी लावते. कोपर टेबलावर टेकलेले, हात सैल, तर्जनी आणि मधले बोट कीच्या मुठीच्या कडेवर, अंगठा खालून हलका आधार देणारा, आणि हालचाल बोटांची नव्हे तर मनगटाची, अशी बैठक असावी. आपले पाठवणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी स्वतःच लिहून घ्यावे. नवशिक्याची रेघ आखूड असते आणि शब्दांमधील जागा तर जवळजवळ नाहीशी झालेली असते. दोन्ही दोष या एका परीक्षेत उघडे पडतात.

गोव्यात खाऱ्या, दमट हवेमुळे कीचे संपर्कबिंदू लवकर काळवंडतात आणि टिंबे तुटक येऊ लागतात. दोष हाताचा की कीचा हे कळत नाही, म्हणून आधी की तपासावी. कोऱ्या कागदाची पट्टी दोन बिंदूंमध्ये धरून, की हलकी दाबून पट्टी ओढावी. काळा डाग कागदावर येतो. सॅंडपेपर वापरू नये, बिंदूंवर चरे पडतात.

पावसाळ्याचा दुसरा परिणाम रेडिओवर होतो. जूनपासून संध्याकाळी 80 आणि 40 मीटरच्या पट्ट्यांवर विजांची कडकड इतकी असते की नवख्याला काही कळत नाही, तेव्हा ते महिने घरात ॲपवर काढावेत आणि चवथ (गणेश चतुर्थी) होऊन आकाश निवळले की खऱ्या लहरींकडे वळावे. शॉर्टवेव्हवर एकसुरी संकेत घेऊ शकणारा रिसीव्हर असेल तर 7 मेगाहर्ट्‌झच्या वर लगेचच, आणि दिवसा 14 मेगाहर्ट्‌झच्या सुरुवातीला मोर्स ऐकू येते. 14.100 मेगाहर्ट्‌झवर जगातली 18 बीकन केंद्रे, म्हणजे ठरावीक संकेत आपोआप पाठवणारी केंद्रे, पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. प्रत्येक केंद्र आपले संकेतनाम 22 शब्दांच्या वेगाने पाठवते आणि मग चार लांब रेघा देते, पहिली 100 वॅटची, शेवटची एका वॅटच्या दहाव्या हिश्शाची. त्यांत श्रीलंकेचे 4एस7बी आहे. तीन मिनिटांनी फेरी पुन्हा सुरू होते, त्यामुळे तेच संकेतनाम पुन्हा पुन्हा ऐकून पक्के करता येते.

गोव्यात आणखी एक सोय आहे. तारवावर नोकरी केलेल्यांची घरे इथे गावोगावी आहेत. समुद्रावरची मोर्सची जागा 1 फेब्रुवारी 1999 पासून जीएमडीएसएस या जहाजांच्या नव्या संकट-संदेश यंत्रणेने पूर्णपणे घेतली, पण त्याआधी जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून काम केलेल्यांच्या कानात हे नाद अजून आहेत. ओळखीत असे कोणी काका असतील तर संकोच न करता जाऊन भेटावे आणि आपण लिहून घेतलेला कागद दाखवण्याऐवजी त्यांच्यासमोर की चालवून दाखवावी. पाठवण्याची लय ॲप सुधारू शकत नाही, जाणता माणूस सुधारतो.

परीक्षेआधीचे शेवटचे दिवस नव्या काही गोष्टींसाठी नव्हेत. अंक, पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांची उजळणी करावी, कारण ती दोन अक्षरांची किंमत घेऊन येतात आणि सरावात सर्वात शेवटी शिकल्यामुळे सर्वात कच्ची राहतात. पूर्ण 5 मिनिटांचे उतारे 10 शब्दांच्या वेगाने घ्यावेत, म्हणजे केंद्रावरचे 8 शब्द सावकाश वाटतील. हेडफोन लावूनच सराव करावा आणि पेन्सिलीने, जोड न देता, सुटी अक्षरे लिहावीत. परवाना मिळाल्यावर पहिल्या संपर्कात समोरचा भरभर पाठवू लागला तर क्यूआरएस पाठवावे. त्याचा अर्थ ‘सावकाश पाठवा’ असा होतो, आणि चांगला ऑपरेटर ते ऐकताच आपला वेग तुमच्या वेगाला आणतो.