गाडी पाणी खाते तेव्हा

अंबाजोगाईजवळच्या एका गावात मी शाळेत शिकवते. वडिलांची 2009 ची डिझेल गाडी आता मीच चालवते. गेल्या मे महिन्यात बीडहून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात तिचा तापमानाचा काटा पहिल्यांदा निम्म्याच्या वर सरकला. एसी बंद केला, खिडक्या उघडल्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवला. हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे काटा हळूहळू उतरला. वर पोचल्यावर गाडी लिंबाच्या सावलीत लावली आणि पाऊण तास कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीच्या झाकणाला हात लावला नाही. नंतर टाकीत पाहिलं, तर तळाशी चहासारखं तपकिरी पाणी.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, हेड गॅस्केट गेलंय. बावीस हजार धरून चला." गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलेलं नव्हतं. ते मला कसं कळलं, तेच इथं सांगते. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या गाड्या घरोघरी आहेत आणि नीट न बघता हेड उतरवायची घाईही फार होते.

एक गोष्ट कधीच मोडू नका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचं नाही. साधं पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं, पण झाकणाच्या दाबाखालचं कूलंट त्याहून बरंच गरम असूनही पातळ राहतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होज पाइप उघड्या हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पाणी कमी होतंय ही खात्री आधी करा. सकाळी, सपाट जागी, इंजिन पूर्ण गार असताना टाकीवर पातळीची रेघ ओढा आणि तारीख लिहा. मी कायमच्या शाईच्या पेनानं लिहिते. आठवडाभर वरून काही ओतू नका, फक्त पातळी किमान खुणेपर्यंत उतरली तरच भरा. माझ्या गाडीत आठ दिवसांत दोन बोटं उतरलं. खाली मात्र एक थेंब नाही.

गेलेलं पाणी तीनच ठिकाणी जाऊ शकतं: गाडीच्या बाहेर, आत आपल्या पायाशी, किंवा इंजिनच्या पोटात.

बाहेरच्या वाटेपासून सुरुवात करा, कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं. रात्री गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर आखून ठेवा, म्हणजे डाग कशाच्या खाली पडला ते कळेल. एसी चालवून आल्यावर गळणारं स्वच्छ पाणी सोडून द्या. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव मात्र अजिबात घेऊ नका, ते विष आहे.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळती नाही, असं समजू नका. गरम ब्लॉकवर पडलेला थेंब तिथंच उडून जातो, मागे राहतो फक्त त्याचा डाग. म्हणून टॉर्च घ्या आणि वाळलेला थर शोधा. होजच्या क्लिपांखाली बघा. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथं दाबून बसवलेली असते ती कड बघा. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, घराभोवती बघा. आणि वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, ते नक्की बघा. पंपाचं सील खराब झालं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर दिसावं, यासाठीच ते भोक ठेवलेलं असतं. माझ्या गाडीत त्या भोकापासून खाली पांढुरक्या-हिरव्या रंगाची ओघळाची रेघ होती. इंजिन गरम झाल्यावरच तिथून पाझरत होतं आणि वाळत होतं.

तरीही मी दाबाची चाचणी करून घेतली. झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच, बहुधा 0.9 किंवा 1.1 बार, दाब देतात. पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर बाहेरची गळती जवळजवळ नाहीच. आमचा काटा पाच मिनिटांत उतरला आणि भोकातून थेंब आला. झाकणाचीही चाचणी करायला सांगा. त्याची स्प्रिंग सैल पडली तर कुठंही भोक नसताना पाणी बाहेर फेकलं जातं, आणि झाकण सगळ्यात स्वस्त असतं.

आतली गळती लवकर ओळखू येते: पुढच्या पायाखालची चटई ओली, हवेला गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं. तसं असेल तर हीटर कॉइल गेली.

आता इंजिनचं पोट. सकाळी गार इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात वरचा होज दाबून बघा. पाणी अजून तापलेलंही नाही आणि होज दगडासारखा कडक झाला, तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. टाकीत एकसारखे, न थांबणारे बुडबुडे दिसले, पांढरा गोड वासाचा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर संशय पक्का होतो. निळ्या रसायनाच्या नळीची चाचणीही करता येते. टाकीतल्या हवेत जळलेला वायू असेल तर त्या रसायनाचा रंग बदलतो. हेड उतरवण्याआधी ही चाचणी मागून घ्या.

ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर फेस दिसला म्हणून घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीत वाफेनंही तो जमतो. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या कांडीवरचं) ऑइलच दुधाळ दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नका, बेअरिंग जातील. उलट, ऑइल स्वच्छ आहे आणि टाकीत वर चिकट तवंग आहे, असं असेल तर ज्या गाडीत ऑइल कूलर (पाण्यानं ऑइल गार करणारा भाग) असतो तिथं आधी तो तपासा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्यात जातं. हेड उतरवण्यापेक्षा कूलरचं काम बरंच लहान असतं.

माझ्या गाडीतलं तपकिरी पाणी म्हणजे गंज आणि चुना होता. वडील वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आले. आपल्या बोअरच्या पाण्यानं उन्हाळ्यात कूलरच्या गवताच्या ताट्या कशा पांढऱ्या, कडक होतात ते आठवा. तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि त्याची कच पंपाचं सील घासते. पंप गेला तो त्यामुळे. रस्त्यात गळती थांबवायला हळद टाकतात, तिचाही चोथा त्याच नळ्यांत अडकतो. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं तर साफ चूक आहे. त्यानं इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त जातं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

पंप बदलताना तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही बदला. मग धुलाई. सगळं पाणी काढा, इन्व्हर्टरला आणतो तसलं डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर गरमवर ठेवून वरचा आणि खालचा दोन्ही होज तापेपर्यंत चालवा, गार होऊ द्या, पुन्हा काढा. माझ्या गाडीत चौथ्या वेळेला पाणी नितळ आलं. शेवटी ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच, म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मं घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरा. सहा लिटरच्या गाडीत आधी तीन लिटर कूलंट. रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली असेल तीच घ्या. दोन वेगळ्या जातींची मिसळ झाली तर कधी कधी लगदा होतो. भरल्यावर गाडीचं तोंड चढाला लावून हवा काढा, आणि दोन दिवसांनी गार इंजिनात पातळी पुन्हा बघा.

काढलेलं पाणी अंगणात किंवा नाल्यात ओतू नका. गोडसर असल्यानं कुत्री आणि शेळ्या ते चाटतात आणि थोड्यानंही मरतात. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मार्करनं "विष" असं लिहून, जळक्या ऑइलचे ड्रम ठेवतात त्या गॅरेजात विचारून दिलं.