पुस्तक आहे, पण सापडत नाही: ग्रंथालयात कामाला लागताय? या चुका टाळा

परभणीकडच्या एका तालुक्याच्या वाचनालयात मी सहाय्यक म्हणून लागलो, त्या आठवड्यात तिथल्या मामांनी मला सगळ्या धंद्याचं दुखणं एका वाक्यात सांगितलं होतं. कपाटासमोर उभे राहून, हातातली चिठ्ठी उलटसुलट करत ते म्हणाले, "सर, रजिस्टरात हाय म्हणून लिवलंय, पर सापडना गेलंय."

पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आलो, संगणक आला, बारकोड आला. दुखणं तेच राहिलं. सहाय्यकाने केलेली चूक त्या दिवशी कोणाला दिसत नाही. ती पाच वर्षांनी साठा तपासणीत वर येते आणि तोवर टेबलावर दुसराच कोणी बसलेला असतो. म्हणून नवीन पोरापोरींसाठी हे लिहितोय.

नोकरी न समजता अर्ज करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'ग्रंथालयात जागा निघाली' एवढंच ऐकून लोक धावतात. महाविद्यालयातला ग्रंथपाल वेगळा. त्याला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. ग्रंथालय सहाय्यक वेगळा, परिचर वेगळा. आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय ही तर सरकारी नोकरीच नव्हे. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्याला मान्यता आणि अनुदान मिळतं, पण ते चालवते स्थानिक संस्था. अ, ब, क, ड असे वर्ग असतात. २०२२च्या शेवटी अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तरी ड वर्गाचं वर्षाचं अनुदान ४८ हजारांवर गेलं, एवढंच. त्यातला निम्मा भाग पगाराला धरला तर तेव्हा महिन्याला दोन हजार हातात पडायचे. मुलाखतीला जाण्याआधी वर्ग विचारा. लाजू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर जिल्हा ग्रंथालय संघाचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग ही पहिली पायरी. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून होते, नाहीतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळूनही करता येते. निव्वळ प्रमाणपत्रावर थांबलात तर बढतीच्या वेळी अडाल. मी सहा वर्षं अडलो होतो.

दाखल नोंदवहीत खाडाखोड

आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन ज्या वहीत चढवतात ती दाखल नोंदवही. एक प्रत, एक दाखल क्रमांक. पाच खंडांचा संच आला तर पाच क्रमांक, एक नव्हे. देणगीत आलेलं पुस्तकही दाखल होतंच, फुकट आलं म्हणून तसंच फळीवर जात नाही. चुकलं तर एक रेघ मारा, वर बरोबर लिहा, बाजूला सही करा. पांढरी शाई लावली की लेखापरीक्षक आधी त्याच ओळीवर बोट ठेवतो. क्रमांक बिलाच्या मागे लिहायचा आणि बिल क्रमांक नोंदवहीत, म्हणजे दोन्हीकडून शोध लागतो.

बाद केलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला देणं, हा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिलाय. मधली जागा रिकामी दिसते म्हणून कोणीतरी 'व्यवस्थित' करून टाकतं. मग एका क्रमांकावर दोन पुस्तकं उभी राहतात, एक कागदावर आणि एक फळीवर. रिकामी ओळ रिकामीच राहू द्या.

आपल्या भागाची म्हणून एक खास गोष्ट. निजामाच्या काळापासून चालत आलेली वाचनालयं मराठवाड्यात आहेत. त्यांच्या जुन्या नोंदवहीत तारखेच्या रकान्यात १३५२ असं साल दिसलं तर ती चूक समजू नका. ते निजामाच्या राज्यात चालणारं फसली साल आहे, ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे १९४२-४३. एका हुशार सहाय्यकाने अशा ओळीच्या ओळी '१९५२' करून ठेवल्या होत्या, तेही शाईच्या पेनाने. किमतींचंही तसंच. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया एक नव्हे, सात हालीला सहा कलदार हा हिशेब होता. जुनं जसं आहे तसं ठेवा, खुलासा वेगळ्या कागदावर लिहा.

दशांश चिन्ह पूर्णांकासारखं वाचणं

ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयावरून पुस्तकाला दशांश आकडा (वर्गांक) देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी-कथा ८९१.४६३. नवा माणूस ४६ आणि ५ यांची तुलना करतो, ४६ मोठे म्हणतो आणि ८९१.५चं पुस्तक ८९१.४६च्या आधी लावतो. चिन्हानंतरचा एकेक अंक सुटा वाचायचा: चार, सहा, तीन. परिचराला हे शिकवायला अर्धा तास द्या. तो अर्धा तास वाचवला तर दर महिन्याला दोन दिवस फळ्या लावण्यात जातात.

वर्गांक देताना आणखी एक घोळ ठरलेला. पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई यांची पुस्तकं कुठे ठेवायची? काव्य म्हणून ८९१.४६१ला की हिंदू धर्म म्हणून २९४.५ला? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. चूक निर्णयात नसते. या वर्षी इकडे, पुढच्या वर्षी तिकडे, ही खरी चूक. आधीच्या माणसाने काय केलंय ते फळीवर जाऊन बघा आणि तेच पुढे चालवा, पटलं नाही तरी.

लेखकाचं नाव दोन घरांत

लेखक बी. रघुनाथ म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. अर्धी पुस्तकं 'कुलकर्णी' खाली, अर्धी 'बी. रघुनाथ' खाली, आणि वाचक म्हणतो तुमच्याकडे दोनच पुस्तकं आहेत! लोक ज्या नावाने विचारतात ते मुख्य ठेवा, दुसऱ्या नावावरून 'पाहा' अशी नोंद द्या. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर यांच्या बाबतीत तर दोन्ही नावं चालती, तिथे एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी हव्यातच.

गावांची नावं बदलली तेव्हाचा एक किस्सा. एका ग्रंथालयात संगणकावर 'औरंगाबाद' शोधून सगळीकडे एकदम नवं नाव टाकलं गेलं. प्रकाशनस्थळ तर बदललंच, पुस्तकांची शीर्षकंही बदलली. मुखपृष्ठावर एक, यादीत दुसरं. प्रकाशनस्थळ शीर्षकपानावर छापलंय तेच लिहायचं असतं. नव्या पुस्तकांवर नवं नाव येईल, ते तसं लिहा.

जुन्या फॉन्टमधला मराठी डेटा

शोध चालत नाही म्हणून तक्रार आली की आधी हेच तपासा. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेली नोंद पडद्यावर मराठी दिसते, पण आतून ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला की खिचडी उघडी पडते. कोहा, ई-ग्रंथालय, सोल, ग्रंथालयाचं कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, नोंदी युनिकोडमध्येच हव्यात, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच राहते. परिवर्तकातून काढल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'कादंबऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच, पण शोधणाऱ्या यंत्राला ते दोन शब्द वाटतात. कार्यालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, एवढा नियम केला तरी बरंच निभावतं.

आणि बॅकअप. वीज गेली, संगणक बसला, सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या, ही गोष्ट प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळेल. त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

चिकटपट्टी, ऊन आणि वाळवी

फाटलेल्या पानाला चकचकीत चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षरं सोबत नेते. पातळ कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते. पावसाळ्यात छत गळून पुस्तकं भिजली तर उन्हात घालायचा मोह होतो, आपल्याकडे ऊन म्हणजे काय कमी नाही! पानं वाकडी होतात, कडक होतात. सावलीत, पंख्याखाली, पानांत कोरे कागद घालून वाळवा. कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, मागे वाळवीची मातीची नळी चढते का ते महिन्यातून एकदा बघा.

आता ते न सापडणारं पुस्तक

'गहाळ' असा शिक्का मारायची घाई करू नका. आधी त्याच फळीवर पुस्तकांच्या मागे हात घाला, मग वरची आणि खालची फळी. त्यानंतर अंक उलटे करून बघा, ४६३चं ४३६ झालेलं असतं. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग, अभ्यासिकेतली टेबलं (स्पर्धा परीक्षेची पोरं आवडतं पुस्तक दुसऱ्याच विषयाच्या कपाटात दडवून ठेवतात, उद्या पुन्हा मिळावं म्हणून), बाइंडिंगचा गठ्ठा, ग्रंथपालांचं टेबल. एवढं होऊन नाही मिळालं तर विभागप्रमुखांच्या खोलीत जा. हळूच विचारा, "सर, कपाट जरा उघडता का?" माझी निम्मी गहाळ पुस्तकं तिथेच निघाली.