न्यूरोची पोस्टिंग: पकडण्याआधी सोडणं

फिजिओच्या इंटर्नशिपला न्यूरोची पोस्टिंग लागली की एक प्रश्न रोज कानावर पडेल: "मॅडम, बॉल आणलाय, दिवसातून किती वेळा दाबू?" स्ट्रोकचा पेशंट ओपीडीत पोचायच्या आधीच कुणीतरी तुळशीबागेतून स्पंजचा बॉल आणून दिलेला असतो. पुण्यात सल्ल्याला काय तोटा! पण बऱ्याच जणांची मूठ आधीच घट्ट मिटलेली असते, अडतं ते उघडण्यापाशी. म्हणून मुठीत जोर किती हे नंतर. मनगट आणि बोटं स्वतःहून किती वर येतात ते आधी पाहा.

पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं. चांगल्या हाताला मिट (जाड हातमोजा) घालून दुसऱ्या हाताकडून काम करून घेणारी कन्स्ट्रेंट थेरपी सगळ्यांना आवडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' चाचणीत मिट दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळ घालायचा होता. पण त्यात घेतलेल्या पेशंटचं मनगट निदान १० अंश तरी उचललं जात होतं. हात अजिबात हलत नसेल तर त्याला नुसता मनस्ताप होईल. तिथे आरसा बरा: हा हात आरशामागे ठेवायचा, चांगला हात समोर हलवायचा आणि प्रतिबिंबाकडे बघत राहायचं. खर्च जवळपास शून्य.

खरी मजा रोजच्या कामांत आहे. कसब्यातल्या एक काकू सरावाचे शंकू (कोन) उचलून ठेवायला कंटाळायच्या, मटार मात्र आनंदानं सोलायच्या. शेंग फुटायची, दाणे निघायचे, पण टरफल चिमटीतून सुटायचं नाही. मग त्या मनगट खाली पाडायच्या. तसं केलं की बोटं आपोआप सैलावतात. ही युक्ती पेशंट स्वतःच शोधून काढतात. सुरुवातीला चालू द्या. जमायला लागलं की मनगट टेबलावर टेकवून तेच टरफल टाकायला सांगा. बोटं ताठली तर ओढू नका, सावकाश ताण देऊन थांबा. झटका दिलात तर आणखी आवळतील.

स्ट्रोकनंतर हालचाल किती आहे हे मोजणाऱ्या फ्यूगल-मायर चाचणीचा हाताचा स्कोअर, ६६ पैकी, पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवा. सर राउंडला तोच विचारतात.

आणि नातेवाइकांना खांद्याबद्दल घरी जायच्या आधी सांगा. उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढायचं नाही. सांगून भागत नाही, एकदा त्यांच्याकडूनच करून घ्या.